फी थकली म्हणून वकिलाला कागद अडवता येत नाहीत

‘वकिलाची फी बाकी असेल तर पक्षकाराची कागदपत्रं ठेवून घ्यायचा त्याला कायदेशीर हक्क आहे. बार कौन्सिलकडे तक्रार करून उपयोग नाही, वकीलच वकिलाला सोडतात. सरळ ग्राहक न्यायालयात जा.’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने आधीच्या वकिलाकडे स्वतःच्याच जमिनीचं मूळ खरेदीखत मागणं सोडून दिलं. ‘कायदाच आहे म्हणे तसा!’

अजिबात नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा हा सर्वोच्च न्यायालयाचा 2000 सालचा निकाल आहे. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेने वकील बदलला. आधीचे वकील 97,100 रुपये फी बाकी असल्याचं सांगून फायली देईनात. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की केसची फाइल म्हणजे अडकवून ठेवायचा माल नव्हे. पक्षकाराने मागितली की द्यायची, न देणं हे व्यावसायिक गैरवर्तन. अशिक्षित पक्षकारांच्या या देशात असा हक्क दिला तर त्याचा गैरवापर होईल, हेही बजावलं. पंचवीस वर्षं झाली, तरी लोकांना उलटंच सांगितलं जातंय, आणि त्यात मावशीसारखी माणसं भरडली जातात.

बार कौन्सिल म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था. तिच्या शिस्तपालन समितीतले तिघेही वकीलच असतात, हे खरं. तक्रारी रेंगाळतात, हेही मान्य. पण राज्य बार कौन्सिलने वर्षभरात निकाल दिला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. सक्सेना प्रकरण तसंच गेलं. तिथे त्या वकिलांना 18 महिन्यांची बंदी आणि दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा ताकिदीवर आणली, ती मला कमीच वाटते. पण गैरवर्तनाचा ठपका कायम राहिला. ‘वकीलच सोडतात’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. ताकीद, निलंबन, सनद रद्द, सगळं 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम 35 मध्ये आहे.

वकिलांविरुद्ध ग्राहक न्यायालयाचा रस्ता तर सर्वोच्च न्यायालयानेच 14 मे 2024 ला बंद केलाय. तिकडे पाठवणारा माणूस तुमचा वेळ आणि पैसा दोन्ही घालवतोय.

मावशीला सांगितलंय, कागदांची यादी करून स्पीड पोस्टाने लेखी मागणी कर, पोच जपून ठेव. तरीही दिले नाहीत तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे प्रतिज्ञापत्रासह तक्रार. फी खरंच बाकी असेल तर वकिलाने वसुलीचा दावा लावावा. खरेदीखत मात्र आधी परत द्यायचं.