थिअरी चिकटवली की पिक्चरमधूनच निघाली? एका प्रतिक्रियेला उत्तर

एवढी सविस्तर आणि सरळ प्रतिक्रिया दिलीत, आधी आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की 'ब्लेड रनर' या सायन्स फिक्शन पिक्चरवरच्या माझ्या लेखात मी साध्या गोष्टीला बोद्रियार-जेमसन अशी विचारवंतांची वजनदार नावं चिकटवली, पोस्टमॉडर्न थिअरी (एकच पक्कं सत्य, एकच अर्थ यावर शंका घेणारी) हाताशी असली की कुठल्याही पिक्चरमधून काहीही काढता येतं, आणि दिग्दर्शकाच्या मनात यातलं काही नव्हतंच. वर जाता जाता टोलाही हाणलात, की सत्य नसतंच म्हणणाऱ्यांनी स्वतःचा अर्थ तरी खरा कशाला मानावा.

टोला मस्तय, पण या थिअरीतल्या ल्योतार या फ्रेंच तत्त्वज्ञाला तो लागत नाही. १९७९ च्या पुस्तकात तो महाकथनांवरच्या अविश्वासाबद्दल बोलतो, म्हणजे प्रगती, मुक्ती अशा एकाच मोठ्या गोष्टीच्या जोरावर सगळं ज्ञान खरं ठरवायचं, त्यावर आता लोकांचा भरवसा उरला नाही, एवढंच. सगळे अर्थ सारखेच असं त्यातून निघत नाही. फ्रेममध्ये काय आहे नि काय नाही ते तुम्हीपण पॉज करून बघू शकता, मीपण.

'काहीही काढता येतं' हा मुद्दा मात्र खरंच महत्त्वाचा, आणि तसं असतं तर मी या थिअरीच्या वाटेला गेलोच नसतो. पण 'मेट्रिक्स' घ्या. १९९९ चा पिक्चर, माणसं कॉम्प्युटरने रचलेल्या खोट्या जगात जगतायत, आणि हिरो निओ ज्या पोकळ पुस्तकात डिस्का लपवतो ते पुस्तक चक्क बोद्रियारचं, म्हणजे थिअरी मनात होती का हा प्रश्नच मिटला. तरीही खुद्द बोद्रियार म्हणाला की यांनी मला चुकीचं वाचलंय! आणि बरोबरच आहे त्याचं, कारण पिक्चरमध्ये खोटं जग इकडे, खरं जग तिकडे, लाल गोळी गिळली की तुम्ही बाहेर. बोद्रियार तर म्हणतो की मूळच नसलेल्या प्रतींनी जग भरलंय, असं 'बाहेर' आता शिल्लकच नाही. 'मेट्रिक्स' त्यापेक्षा प्लेटोच्या गुहेच्या जास्त जवळ आहे (तिथे लोक भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं मानतात, पण बाहेर पडून खरं जग बघता येतं). बघा म्हणजे, हेतू आहे, पुस्तक पडद्यावर आहे, तरी थिअरी बसत नाही. जी बसत नाही असं दाखवता येतं ती 'काहीही' कशी?

आता 'ब्लेड रनर'. आपण रेप्लिकंट, म्हणजे कंपनीने बनवलेला कृत्रिम माणूस नाही, खरं माणूसच आहोत हे पटवायला रेचल आईबरोबरचा लहानपणीचा फोटो घेऊन येते, आणि रेप्लिकंटांना शोधून मारणारा डेकार्ड तिला सांगून टाकतो की या आठवणी तुझ्या नाहीतच, तुला बनवणाऱ्या टायरेलच्या भाचीच्या आहेत. पुढे तोच फोटो त्याच्या हातात असताना क्षणभर जिवंत होतो, सावल्या हलतात त्यात (पटकन निसटतं, परत बघा). रेचलच्या बाबतीत जे घडलंच नाही त्याचा हा पुरावा, मूळच नसलेली प्रत, आणि तरी तिचं रडणं खरं. हे बोद्रियारशिवाय दिसलं नसतं असं नाही, पण तो डोक्यात असल्यामुळे मी त्या फोटोपाशी थांबलो. शिवाय तिचे कपडे बघा, २०१९ च्या लॉस एंजेलिसमध्ये ही बाई १९४० च्या दशकातले रुंद खांद्यांचे सूट घालून फिरते. जेमसन असल्या जुन्या स्टाइलच्या नकलेला पोकळ म्हणतो, मला ते इथे अजिबात पटत नाही, उसन्या आठवणींच्या बाईने उसन्या दशकातले कपडे घालणं पोकळ कसं? इथे मी लिंडा हचन या अभ्यासकाच्या बाजूने, तिच्या मते अशी नक्कल भूतकाळाला प्रश्नही विचारते.

भाषा जडजंबाल होते हे मात्र मान्य, या क्षेत्राचा तो जुनाच आजार आहे. १९९६ मध्ये सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने याच भाषेची नक्कल करत मुद्दाम लिहिलेला भंपक लेख एका नावाजलेल्या जर्नलने छापला, त्यानंतर तरी सगळ्यांनी जपून लिहायला हवं होतं.

राहिलं दिग्दर्शकाच्या मनातलं. कुठल्या व्हर्जनमधलं पण? १९८२ मध्ये थिएटरला आलेल्या प्रिंटमध्ये व्हॉइसओव्हर आणि गोड शेवट होता, १९९२ मध्ये ते दोन्ही गेलं आणि डेकार्डला पडणारं युनिकॉर्नचं स्वप्न आलं (तोच रेप्लिकंट असावा अशी खूण म्हणून ते वाचलं जातं), २००७ मध्ये आणखी एक कट. दिग्दर्शक रिडली स्कॉट म्हणतो डेकार्ड रेप्लिकंट आहे, डेकार्डचं काम करणारा हॅरिसन फोर्ड कित्येक वर्षं म्हणत राहिला की तो माणूस आहे. तुम्ही 'शेवट सरळसोट आहे' असं लिहिलंय, त्यावरून मला वाटतं तुम्ही १९८२ चं व्हर्जन बघितलंय. तेवढं कळवा, मग युनिकॉर्नवरून भांडू.