‘चाळीस हजार घालूनही पोलो जीटी तशीच’ या रिव्ह्यूला वर्कशॉपचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या फोक्सवॅगन पोलो जीटी गाडीबद्दलच्या एक स्टारच्या रिव्ह्यूत चार तक्रारी आहेत. रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं), ओपन फिल्टर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर मागितला तर आम्ही टायर-ब्रेक गळ्यात मारले. प्लग न विचारता बदलले. आता ब्रेक किंचाळतात. आणि ३७,६०० रुपये घालून पिकअप जैसे थे, वर ॲव्हरेज एकाने पडलं.

प्लगचं आधी, कारण ती चूक आमची आहे. प्लग झिजले होते, गॅप वाढला होता. टर्बो इंजिनात बूस्ट (टर्बोने दाबून भरलेली हवा) आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, मग वाढलेल्या गॅपमध्ये ठिणगी पडायला कॉइलवर ताण येतो आणि जोरात ॲक्सिलरेटर दिला की गाडी अडखळते. हे सगळं खरं असलं तरी एस्टिमेटमध्ये नसलेलं काम फोन केल्याशिवाय करायचं नसतं. प्लगचे ३,४०० परत मिळतील, नवे प्लग गाडीतच राहू द्या. जुने चारही बाजूला ठेवलेत, तेही बघून घेऊन जा.

बाकी बिल असं: चार टायर २४,४००, पुढचे ब्रेक पॅड ३,४००, ब्रेक ऑइल ७५०, एअर फिल्टर ६५०, अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,२००, मजुरी ३,८००. यातल्या एकाही कामाबद्दल आम्ही माघार घेणार नाही.

‘टायरला चांगली नक्षी होती’ असं तुम्ही लिहिलंय. होती, ३ मिलिमीटर. कायद्याची किमान मर्यादा १.६ आहे. पण टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे २३१७ होते, म्हणजे २०१७ सालच्या २३व्या आठवड्यातला माल. सोलापूरच्या उन्हात इतकी वर्षं उभं राहिलेलं रबर नक्षी शाबूत असूनही लाकडासारखं होतं. नखाने दाबून बघा, खूण उमटत नाही. तुमच्या गाडीला १०५ पीएस ताकद आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर) आहे, तेही पुढच्या दोनच चाकांवर. सिग्नल सुटल्यावर डॅशबोर्डवर जो पिवळा दिवा लुकलुकायचा तो ट्रॅक्शन कंट्रोलचा. चाक घसरलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्वतःच ताकद कापतो. म्हणजे असलेलीच ताकद रस्त्याला लागत नव्हती. रिमॅपने आणखी ३० पीएस दिले असते तर तो दिवा जास्त वेळ लुकलुकला असता, एवढंच.

थांबण्याचाही हिशोब करा. पुणे हायवेवर १०० ऐवजी १२० ने चाललात तर वेग २० टक्के वाढतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा ४४ टक्के वाढते. तुमचं ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं झालं होतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलं की ही हद्द १५५ वर येते. तुळजापूरचा घाट उतरताना पॅड तापले, ऑइलमध्ये वाफ धरली की पेडल मऊ पडून खाली जातं. ते दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कमी चालली असली तरी.

आता रिमॅप. आम्ही नाही म्हटलं नव्हतं, आधी लॉग (चालत्या इंजिनच्या आकड्यांची नोंद) बघू म्हटलं होतं. कारण आपल्याकडचं ऊन. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४३ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते, आणि गरम हवेत नॉकिंग (सिलिंडरमधलं पेट्रोल आपोआप भडकून ठोके पडणं) लवकर येतं. साध्या पेट्रोलवर ईसीयू नॉकिंग ऐकून ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. रिमॅप हेच टायमिंग पुढे नेतो आणि बूस्ट वाढवतो. मे महिन्यात दुपारी दोनला तो सगळा फायदा नॉक सेन्सर परत काढून घेतो. पैसे भरलेले घोडे मग तबेल्यातच.

दुसरा मुद्दा गिअरबॉक्सचा. तुमचा सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कोरड्या क्लचचा आहे, डीक्यू२००. त्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. या इंजिनाचे रिमॅप २२० ते २३० चा आकडा सांगतात, म्हणजे कागदावर बसतं. पण आसरा चौकाच्या गर्दीत मुंगीच्या पावलाने सरकताना क्लच अर्धवट घासत राहतो, आणि तिथे वाढलेला टॉर्क थेट उष्णता होतो. गर्दीत पुढच्या गाडीशी थोडं अंतर राहू द्या, मग एकदाच सोडा. थांबल्यावर ब्रेक नीट दाबून धरा, म्हणजे क्लच पूर्ण सुटतो. अर्धवट ब्रेकवर गाडी रांगवत ठेवली तर ती रिमॅपशिवायही क्लच खाते.

ओपन फिल्टरला मात्र आम्ही सरळ नाही म्हटलं आणि पुढेही म्हणू. कंपनीचा डबा समोरून थंड हवा घेतो. उघडा कोन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. आवाज छान येतो, ताकद जाते. शिवाय तेल लावायचे कापडी फिल्टर कागदी फिल्टरपेक्षा बारीक धूळ जास्त सोडतात. ऊसतोडीच्या हंगामात मोहोळकडच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या गाडीच्या टर्बोला ती धूळ म्हणजे सॅण्डपेपर. ६५० रुपयांचा कागदी फिल्टर वेळेआधी बदलणं हाच इथला शहाणा अपग्रेड.

सायलेन्सरचं थोडक्यात. या छोट्या टर्बोला मागचा डबा बदलून फक्त आवाज मिळतो. अडथळा पुढे, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या भागात असतो आणि तो काढला की पीयूसी गेली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाज-धुरासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि ३ महिने लायसन्स बंद होऊ शकतं.

ॲक्सिलरेटरला जोडायच्या पेडल बॉक्सबद्दलही तुम्ही विचारलं होतं. तो ताकद वाढवत नाही. पाव पेडलला अर्ध्या पेडलचा सिग्नल पाठवतो, म्हणून गाडी चपळ वाटते. गिअर लिव्हर ‘एस’ला (स्पोर्ट मोड) टाका, बराचसा तोच अनुभव फुकट मिळेल.

ब्रेकच्या किंचाळण्याबद्दल. पॅड नवे आहेत आणि बेडिंग (नवे पॅड डिस्कवर नीट बसवून घेणं) झालेलं नाही. ते करून द्यायला हवं होतं, नाहीतर निदान कागदावर लिहून द्यायला हवं होतं. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नसताना, ६० वरून साधारण १० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावा. पूर्ण थांबू नका. लगेच पुन्हा ६० वर जा. असं आठ ते दहा वेळा. नंतर दहा मिनिटं ब्रेक न वापरता हळू चालवून थंड होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहू नका. पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि मग ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं. लोक त्याला ‘डिस्क वाकली’ म्हणतात, पण बऱ्याचदा ती वाकलेली नसते. एवढं करूनही आवाज राहिला तर कॅलिपरच्या (पॅड दाबणारा भाग) पिना आणि शिम (पॅडमागच्या पातळ पट्ट्या) बघाव्या लागतील.

ॲव्हरेजचं गणित तुम्हाला गमतीचं वाटेल. १८५/६० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६०३ मिलिमीटर. नक्षी ८ वरून ३ वर आली की व्यास १० ने कमी होतो, म्हणजे ओडोमीटर खऱ्यापेक्षा दीडेक टक्का जास्त किलोमीटर दाखवतो. त्यामुळे जुन्या टायरवरचं १५ चं ॲव्हरेज खरं तर पावणेपंधराच्या आसपास होतं. उरलेला फरक बराचसा नव्या जाड नक्षीचा आहे, तो झिजेल तसा कमी होतो. हवेचा दाबही बघा, पण सकाळी, टायर थंड असताना. पंपापर्यंत दहा किलोमीटर चालवून तपासला तर आकडा खोटा चढलेला असतो.

पुढे खरंच ताकद हवी असेल तर खर्चाचा क्रम असा ठेवा. आधी दोन टाक्या जास्त ऑक्टेनचं, म्हणजे नॉकिंगला जास्त दाद न देणारं पेट्रोल भरा. मग लॅपटॉप जोडून मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्या गिअरला, वेग ८० च्या आत ठेवून, एक लॉग घेऊ: मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे जातंय. एखाद्या सिलिंडरमध्ये ते ३-४ अंशांपेक्षा जास्त वेळोवेळी मागे जात असेल तर रिमॅपचं नाव काढू नका. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, त्यांच्यावर काजळी साचते. पेट्रोलमध्ये ओतायच्या बाटल्यांनी ती निघत नाही, इनटेक उतरवून साफ करावी लागते. इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा भाग) पाण्याचा आहे. त्याच्या समोरच्या रेडिएटरच्या जाळीत किडे-धूळ बसली असेल तर नुसतं साफ करूनही फरक पडतो.

लॉग स्वच्छ निघाला तर मग रिमॅप करा. मूळ फाइल परत देणाऱ्या, टॉर्कवर मर्यादा ठेवणाऱ्या आणि आधी तुमचा लॉग मागणाऱ्या माणसाकडेच करा. आणि इन्शुरन्स कंपनीला कळवून करा. मागचे शॉकअप गळायला लागलेत, हे एस्टिमेटच्या कागदावर लिहून दिलंय. रिमॅपच्या आधी त्यांचा नंबर आहे. पण गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग नकोत, जुळे सोलापुरातले स्पीडब्रेकर इंजिनखालचं तेलाचं चेंबर फोडतील.

सकाळी नऊच्या आत गाडी आणा, इंजिन थंड असावं. बेडिंग, दाब आणि लॉग यांचे पैसे नाहीत. प्लगचे ३,४०० तेव्हाच काउंटरवर घ्या.