पाटे वाढवले म्हणून गाडी दुप्पट माल पेलत नाही

जुन्या पिकअपबद्दल एक मेसेज सारखा फिरत असतो, तुम्हालाही कुणीतरी पाठवला असेल. ‘आताच्या गाड्या पत्र्याच्या, जुन्या गाड्या लोखंडाच्या’ अशी त्याची सुरुवात आणि खाली सल्ले, की पाटे (मागच्या चाकांवरचे कमानपाटे) वाढवा आणि दुप्पट माल भरा, जड माल फाळक्याकडे, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराकडे ठेवा म्हणजे उतरवायला सोपा, दोरी आवळली की माल कुठे जात नाही, टायरला नक्षी आहे तोवर टायर चांगला, ब्रेक ऑइल कमी झालं तरच टाका, रेडिएटरला साधं पाणी चालतं, गंज म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न, आणि शेवटी, ऑइल-पाणी बघा, बाकी चालू गाडीला हात लावू नका. लोक वाचतात, अंगठा देतात आणि पुढे ढकलतात. मला हे बघून खरंच काळजी वाटते, कारण यातले निम्मे सल्ले जिवावर बेतणारे आहेत. आणि जुनी पिकअप मला मनापासून आवडते, घरातलं सामान हलवणं, विटा-वाळू आणणं, तोडलेल्या फांद्या नेऊन टाकणं, सगळं तिच्यावरच चालतं, म्हणून गप्प बसवत नाही. एकेक मुद्दा घेतो.

“पाटे वाढवा, दुप्पट माल भरा.” हा सगळ्यात घातक म्हणून यावर जरा जास्त लिहितो. कमानपाटे चासी आणि ॲक्सलच्या मधे बसून वजन झेलतात आणि धक्के खातात, एवढंच त्यांचं काम. पाटा वाढवला की मागची बाजू कमी दबते, गाडी सरळ दिसते, आणि सरळ दिसतेय म्हणजे ओव्हरलोड नाही असं आपण धरून चालतो. पण ॲक्सल तोच आहे ना, हबातलं बेअरिंग तेच, टायर तेच, ब्रेकचे ड्रम आणि त्यांच्यावर घासणारे लायनर तेवढेच, चासीला पाट्याचे हँगर जिथे बसवलेत ती जागाही तीच. गाडीचं मालासकट एकूण वजन किती चालेल हे ठरवताना या सगळ्याचा विचार केलेला असतो, एकट्या पाट्यांचा नाही. पहिल्या गिअरमध्ये जुनं डिझेल इंजिन काहीही ओढेल हो, पण ओढणं वेगळं, पेलणं वेगळं, आणि थांबवणं तर त्याहून वेगळं.

थांबवण्याचाच हिशोब करू. समजा रिकामी गाडी 1500 किलो आणि माल 1000 किलो चालतो, म्हणजे एकूण 2500. माल दुप्पट केला की झाले 3500. त्याच वेगाला थांबायचं तर ब्रेकला आता 40 टक्के जास्त ऊर्जा उष्णता करून घालवायची आहे, तीही त्याच ड्रममधून. आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, ताशी 40 च्या जागी 60 ने चाललात की ऊर्जा सव्वादोन पट. लांब उतारावर ड्रम तापत जातात, लायनरची पकड सुटत जाते, मग पाय पूर्ण दाबलाय आणि गाडी चाललीच आहे अशी वेळ येते.

त्यात अजून एक गोष्ट आहे जी पाटे वाढवताना फारसं कुणी सांगत नाही. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकसाठी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. गाडीखाली वाकून मागच्या ॲक्सलच्या आसपास बघा, चासीला एक लहानसा ठोकळा बसवलेला दिसेल, ब्रेकचे बारीक पाइप त्यात आत-बाहेर गेलेले, आणि त्याच्यातून एक दांडी किंवा स्प्रिंग निघून ॲक्सलच्या हाऊसिंगला जोडलेली. माल भरला की चासी खाली बसते, दांडी फिरते, व्हॉल्व्हला कळतं की वजन आलंय आणि तो मागच्या चाकांना ब्रेकचा दाब वाढवून देतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरली असती. आता पाटे वाढवल्यावर काय होणार? माल भरला तरी चासी पुरेशी दबत नाही, दांडी पूर्ण फिरत नाही, व्हॉल्व्ह गाडी रिकामीच समजतो, म्हणजे वजन वाढलं आणि नेमका तेव्हाच मागचा ब्रेक कमी झाला. पाटे तुटलेत म्हणून त्याच मापाचे नवे टाकले तर प्रश्न नाही, पण जाड किंवा जास्तीचे टाकले तर हा व्हॉल्व्ह पुन्हा सेट करून घ्यावा लागतो, आणि सेट केला तरी मालाची मर्यादा आहे तीच राहते.

‘हौदा भरला की माल पुरा’ हे मापही डोक्यातून काढा. हौदाभर वाळलेला पाला काहीच नाही, पण कोरडी वाळू एक घनमीटर म्हणजे साधारण दीड टन, भिजलेली असली तर अजून जास्त. पाणी 1000 लिटर म्हणजे सरळ 1000 किलो, टाकीचं वजन वेगळं, आणि टाकी अर्धी असली तर वळणावर आणि ब्रेकला पाणी हिंदकळून गाडीला ढकलतं ते वेगळंच. शिवाय जुन्या गाडीवर वर्षानुवर्षं काय काय चढलेलं असतं, हौद्यात जाड पत्रा, बाजूला जाळी, वर कॅरियर, एखादी हत्यारांची पेटी. कागदावर रिकाम्या गाडीचं वजन आहे ते नव्या गाडीचं, या सगळ्याशिवायचं. म्हणून एकदा रिकामी गाडी वजनकाट्यावर घाला आणि गाडीवरच्या कंपनीच्या प्लेटवर मालासकट जे एकूण वजन दिलंय त्यातून ते वजा करा. उरेल तो तुमचा खरा माल, आणि त्यात तुम्ही आणि शेजारी बसणारा माणूसही आला.

“जड माल फाळक्याकडे.” उतरवायला सोपा हे खरं, पण तेवढंच खरं. मागच्या ॲक्सलच्याही मागे ठेवलेलं वजन पुढची चाकं उचलायला बघतं. दोन ॲक्सलमधलं अंतर 3 मीटर धरा आणि मागच्या ॲक्सलच्या 1 मीटर मागे 300 किलो ठेवले, तर पुढच्या चाकांवरचं 100 किलो वजन कमी होतं आणि मागच्या ॲक्सलवर 300 नाही, 400 किलो येतात. स्टिअरिंग हलकं लागायला लागतं, लोकांना ते बरं वाटतं, पण ती पुढच्या टायरची पकड गेल्याची खूण आहे, आणि गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचेच ब्रेक करतात. जड सामान केबिनच्या भिंतीला टेकवून खाली तळाला, हलकं मागे आणि वर. उतरवताना दोन पावलं जास्त चालावी लागतील, चाला.

दोरीचंही तसंच. नायलॉनची दोरी ताण आला की लांबते आणि पहिल्या काही किलोमीटरमध्ये माल हलून बसला की ती ढिली पडते. माल बांधण्याच्या युरोपियन स्टँडर्डमध्ये पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या 0.8 पट आणि बाजूला व मागे 0.5 पट जोर धरतात, म्हणजे 200 किलोच्या लोखंडी कपाटाला नुसत्या जोरात ब्रेकला 160 किलोचा धक्का पुढे येतो असं समजा. माल पुढे टेकलेला असेल तर तो धक्का हौद्याची भिंत घेते, मधे मोकळी जागा असेल तर सगळा दोरीवर. रॅचेटचा पट्टा घ्या, त्याच्या लेबलवर किती जोर चालतो ते लिहिलेलं असतं, आणि थोडं अंतर गेल्यावर थांबून एकदा परत आवळा. प्लायवूड किंवा पत्रे असतील तर पुढची कड आधी बांधा, वारा तिथूनच आत शिरतो.

टायरची नक्षी. नक्षीच्या खाचांमध्ये 1.6 मिलिमीटर उंचीचे बारीक उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला, इथपर्यंत ठीक. पण कमी चालणाऱ्या गाडीचा टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो, रबर कडक पडतं, बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा येतात. टायरवर DOT अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, 2319 असेल तर 2019 सालचा 23 वा आठवडा. ते वाचा, स्टेपनीचेही वाचा, कारण जुन्या पिकअपला खाली लटकवलेली स्टेपनी बहुतेक वेळा सगळ्यात जुनी असते. साइजच्या पुढचा आकडा वजनाचा, 100 म्हणजे एका टायरला 800 किलो. जास्त हवा मारून तो आकडा वाढत नाही.

“ब्रेक ऑइल कमी झालं तरच टाका.” हे दोन्ही बाजूंनी चुकलंय. पातळी उतरली तर एकतर लायनर-पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय, नुसतं वरून ओतलं की तुम्ही ती सूचनाच पुसून टाकली. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर काळा ओघळ दिसला तर ड्रम उघडा, आतला सिलिंडर गळत असू शकतो. आणि पातळी तशीच असली तरी ऑइल बिघडतं, कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. नवीन डॉट 3 (ही ब्रेक ऑइलची प्रत, डब्यावर लिहिलेली असते) चा उकळबिंदू निदान 205 अंश असावा लागतो, पाणी शोषल्यावर निदान 140, डॉट 4 ला हेच आकडे 230 आणि 155. माल भरून उतार उतरताना ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल तळाला जातं. साधारण दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलून हवा काढून घ्या. निघणारं ऑइल एखाद्या पारदर्शक बाटलीत घेतलं तर चहासारखा रंग दिसेल, नव्याशेजारी धरून बघा, मग कुणी समजावून सांगायची गरज नाही.

रेडिएटरला साधं पाणी अडीनडीला, गॅरेजपर्यंत पोचायला चालतं, कायमचं नाही, कायमचं कूलंटच. पाण्यातले क्षार आत बसतात, लोखंडी ब्लॉकला गंज चढतो, ॲल्युमिनियमचं हेड खाल्लं जातं. रेडिएटरच्या झाकणाचं रबर गेलं असेल तर झाकणही बदला, ते आत सुमारे 1 बार दाब धरतं म्हणून पाणी 120 अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. त्याच कारणासाठी इंजिन तापलेलं असताना हे झाकण कधीच उघडायचं नाही.

आता गंज. दारावरचा, बॉनेटवरचा गंज दिसण्याचा प्रश्न आहे, मान्य. चासीचा नाही. खाली जाऊन छोट्या हातोडीने चासीवर ठोकत जा, चांगलं लोखंड खणखणतं, खाल्लेलं बद्द वाजतं आणि पापुद्रे पडतात. पाट्यांचे हँगर, हौद्याचे बोल्ट, चिखल साठतो ते कोपरे आणि ब्रेकचे लोखंडी पाइप आधी बघा. खतं किंवा मीठ वाहिलं असेल तर त्याच दिवशी हौदा आणि खालची बाजू धुऊन काढा, पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना ते बघा. गंजावर नुसता काळा रंग मारला तर गंज आत चालूच राहतो, फक्त तुम्हाला दिसायचा बंद होतो.

राहिलं “चालू गाडीला हात लावू नका.” ऑइल-पाणी बघा हे बरोबरच आहे, त्याला माझा काही विरोध नाही. पण जुन्या पिकअपचा मोठा फायदाच हा की तिला हात लावता येतो, बहुतेक गोष्टी साध्या पान्याने खुलतात. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, आणि पाट्यांच्या पिनांना ग्रीसचे निप्पल दिलेत ते काय शोभेला? ग्रीस सुकलं की क्रॉसमधली सुयांची बेअरिंग झिजतात, क्लच सोडताना खालून ‘टक्’ आवाज येतो, आणि तसंच चालवत राहिलात तर एक दिवस शाफ्ट निखळून खाली रस्त्यावर. ग्रीस गन मारायला फार वेळ लागत नाही. फक्त गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा नको, खाली स्टँड लावा आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावा.

हा मेसेज तुमच्याकडे आला तर ज्याने पाठवलाय त्याला निदान पाटे आणि ब्रेक ऑइल या दोन ओळींबद्दल तरी सांगा, आणि त्याने पाटे आधीच वाढवले असतील तर तो व्हॉल्व्ह तपासून घ्यायला सांगा.