तिला क्वार्टरबॅक नका करू, किकर करा

अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मुलीची कथा कुणी लिहायला घेतली की नायिका हमखास क्वार्टरबॅक होते, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारी खेळाडू. शेवटचे 8 सेकंद, 60 यार्डांचा थ्रो, सगळं स्टेडियम डोक्यावर. ज्याला खेळ कळतो तो तिथेच कथा खाली ठेवतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण विश्वास बसेल अशी वाट या खेळात आहे. खऱ्या मुली त्या वाटेवर बऱ्याच पुढपर्यंत जाऊन आल्यात. ती वाट किकरची, म्हणजे चेंडूला पायाने मारणाऱ्या खेळाडूची.

खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. नावात फुटबॉल असला तरी यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. पायाचं काम मोजकं, किकरच्या वाट्याला येतं ते असं: सामन्याच्या आणि दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला, तसंच गुण झाल्यावर मारायचा किकऑफ, टचडाऊननंतरचा (चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, नेल्यानंतरचा) 1 गुणाचा एक्स्ट्रा पॉइंट आणि चेंडू गोलपोस्टच्या खांबांमधून मारून मिळणारा 3 गुणांचा फील्ड गोल. एनएफएल म्हणजे अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग. तिच्या संघात 53 खेळाडू, त्यात किकर साधारण एकच. संघ 32. म्हणजे जगभरातून या नोकरीच्या जागा 32. बायकांना बंदी घालणारा नियम एनएफएलमध्ये नाही. तुमच्या नायिकेची झुंज या 32 च्या आकड्याशी आहे. कथेत मिशीवाला दुष्ट कोच घालून तो आकडा झाकू नका.

किकरच का? पूर्वी किक सरळ धावत येऊन बुटाच्या टोकाने मारायचे. 1964 मध्ये बफेलो बिल्स या व्यावसायिक संघाकडून पीट गोगोलाक तिरकस धावत आला आणि सॉकरसारखी (सॉकर म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल), पायाच्या वरच्या बाजूने किक मारू लागला. पुढे सगळ्यांनी तीच पद्धत उचलली. 1972 मध्ये अमेरिकेत टायटल नाइन हा शिक्षणात लिंगभेद रोखणारा कायदा आला, शाळा-कॉलेजांतून मुलींचा सॉकर फोफावला. दोन गोष्टी जुळल्या: किकरला लागणारा पाय लाखो मुलींकडे तयार होऊ लागला. म्हणून नायिका सॉकरमधून आणा. गोलकीपर किंवा डिफेंडर असेल तर उत्तम, कारण लांब गोलकिक मारायची सवय त्यांनाच जास्त असते.

आता ती किक. इथे लेखक घाई करतात आणि खरं सोनं इथेच आहे.

फील्ड गोलचं अंतर चेंडू जिथे ठेवलाय त्या रेषेपासून मोजत नाहीत. गोलपोस्ट 10 यार्डांच्या एंड झोनच्या मागे असतो आणि स्नॅपर चेंडू 7-8 यार्ड मागे होल्डरकडे (किकसाठी चेंडू जमिनीवर धरणाऱ्याकडे) फेकतो, या फेकीला स्नॅप म्हणतात. त्यामुळे रेषेच्या आकड्यात 17-18 मिळवायचे. चेंडू 30 यार्डांच्या रेषेवर असेल तर किक 47-48 यार्डांची, म्हणजे साधारण 43-44 मीटर. स्नॅपपासून पायाचा चेंडूला स्पर्श होईपर्यंत मिळतात सुमारे 1.3 सेकंद. तेवढ्यात स्नॅपरने फेकायचं, होल्डरने पकडून टोकावर उभा करायचा, शिवणीची दोरी गोलपोस्टच्या दिशेला फिरवायची आणि किकरने पोचायचं. दोरी पायाकडे राहिली तर चेंडू वेडावाकडा जातो. वेळ 1.5 सेकंदांकडे गेली की कडेने धावत आलेला माणूस हात पुढे करून चेंडू अडवतो. किकर होल्डरच्या हाताकडे बघून निघतो, चेंडू उभा राहायची वाट बघत बसत नाही. सॉकरवाल्या मुलीला हे सगळ्यात अवघड जातं. तिला आयुष्यभर स्थिर चेंडू आणि स्वतःच्या मनाची वेळ मिळालेली असते.

दुसरी अडचण फार सुंदर आहे. सॉकरचा गोल 2.44 मीटर उंच, त्याच्या खालून मारायचं. इथे आडवी दांडी 3.05 मीटरवर, तिच्या वरून मारायचं. सॉकरमध्ये चेंडू खाली ठेवायला छाती चेंडूवर झुकवायला शिकवतात. तीच सवय इथे घात करते. किक खालून निघते आणि समोरच्या साडेसहा फुटी माणसाच्या हाताला लागते. वजनाचा बाऊ करू नका. हा चेंडू 14-15 औंसांचा, म्हणजे 400-425 ग्रॅम, सॉकरच्या चेंडूपेक्षा किंचित हलकाच. फरक आकाराचा आहे. गोल चेंडू अर्धा इंच इकडेतिकडे लागला तरी चालून जातो. लांबोडका चेंडू तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर, घोटा आवळून, पंजा खाली ताणून, पायाच्या वरच्या टणक हाडानेच लागला पाहिजे. वर लागला तर बुटका जातो, फार खाली लागला तर फक्त उंच जातो आणि अंतर कापत नाही.

चुका बहुधा टेकवलेल्या पायात असतात. उजव्या पायाच्या किकरने डावा पाय चेंडूच्या बाजूला साधारण फूटभर अंतरावर टेकवायचा, बोटं लक्ष्याकडे. पाय फार पुढे पडला की किक खालून निघते. फार लांब पडला की शरीर कलतं आणि चेंडू डावीकडे वळतो. फार जवळ पडला की कंबर अडकते आणि चेंडू उजवीकडे ढकलला जातो. म्हणून तीन पावलं मागे, दोन पावलं बाजूला, ही मोजणी रोज तशीच. नायिकेचं एक पान नुसतं पावलं मोजण्यात गेलं तरी चालेल, जाणकार वाचक तिच्यासोबत मोजेल.

हेल्मेट विसरू नका. पहिल्यांदा घातलं की नजरेच्या कडा कापल्या जातात आणि खांद्याच्या पॅडमुळे हाताचा झोका आखडतो. रोज 200 किकांचा सरावही लिहू नका, जांघ आणि मांडीचा पुढचा स्नायू आठवड्यात गळपटेल. एका सत्रात 40-50, आठवड्यातून तीनदा, आणि प्रत्येक किकची नोंद: अंतर, मैदानाची बाजू, वारा, चूक कुठे. अनेक किकर किकच्या पायात एक नंबर लहान सॉकरचा बूट घालतात, पाय आत हलू नये म्हणून. हे वहीतले आकडे आणि तो घट्ट बूट नायिकेबद्दल जे सांगतील ते लांबलचक भाषणाने सांगता येत नाही.

चढण कशी आहे बघा. शाळेत गोलपोस्टची रुंदी 23 फूट 4 इंच, आणि चेंडूखाली 2 इंचांपर्यंतचा ठोकळा चालतो. कॉलेजात रुंदी थेट 18 फूट 6 इंचांवर येते, ठोकळा जातो, किक गवतावरून. चेंडू मैदानाच्या कडेकडे असला तर कोनही तिरपा असतो, कारण कॉलेजच्या मैदानावरच्या हॅश खुणा (ज्या दोन ओळींच्या मधूनच प्रत्येक डाव सुरू होतो) एनएफएलपेक्षा लांब-लांब असतात. एनएफएलमध्ये कोन सोपा होतो, पण एक्स्ट्रा पॉइंट कॉलेजातल्या 20 यार्डांवरून 33 यार्डांचा होतो, 2015 पासून. शाळेतला हिरो कॉलेजात का गायब होतो, याचं उत्तर बऱ्याचदा त्या 4 फूट 10 इंचांत असतं.

कायद्याचा धागा हवा असेल तर ड्यूक विद्यापीठाचं प्रकरण जरूर अभ्यासा. हेदर मर्सरने 1995 च्या वसंतातल्या सराव सामन्यात 28 यार्डांचा विजयी फील्ड गोल मारला, संघात नाव लागलं, पण तिला खेळू दिलं नाही आणि पुढे काढून टाकलं. शारीरिक टकरीच्या खेळात मुलींना संधी द्यायची सक्ती टायटल नाइन करत नाही. पण 1999 मध्ये अपील न्यायालय म्हणालं की एकदा चाचणीला दार उघडलंत तर मग मुलगी म्हणून भेदभाव करता येणार नाही. 2000 मध्ये ज्युरीने 20 लाख डॉलरची दंडात्मक भरपाई दिली. 2002 मध्ये ती रक्कम रद्द झाली, भेदभाव झाल्याचा निष्कर्ष मात्र टिकला. जिंकूनही हात रिकामे राहणं, याहून खरं वळण कथेला कुठून आणणार?

मैदानावरचे टप्पेही नोंदलेले आहेत. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या केटी नायडाची पहिली किक 25 डिसेंबर 2002 ला, लास वेगास बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात, अडवली गेली. 30 ऑगस्ट 2003 ला तिने टेक्सस स्टेटविरुद्ध दोन एक्स्ट्रा पॉइंट मारले आणि कॉलेजच्या सर्वोच्च विभागात गुण मिळवणारी पहिली बाई ठरली. मधले आठ महिने लिहा, कथा तिथे आहे.

उलट बाजूही लपवू नका. 2013 मध्ये लॉरेन सिल्बरमन एनएफएलच्या प्रादेशिक चाचणीला उतरणारी पहिली बाई ठरली. तिच्या दोन किकऑफ 19 आणि 13 यार्ड गेल्या, मांडी दुखावली आणि ती थांबली. तिने आधी संघातून हा खेळ खेळलेला नव्हता. एका चाचणीत नशीब फळफळतं अशी कथा लिहिणाऱ्यांनी हे दोन आकडे भिंतीवर लावावेत. पाय तयार व्हायला वर्षं लागतात, बाई असो की पुरुष.

व्यावसायिक पातळीचं काय? तिथे माझा आदर्श ब्रँडन ऑब्रे. कॉलेजात सॉकरचा डिफेंडर, 2017 मध्ये व्यावसायिक सॉकर लीगच्या निवडीत नाव, तिथे जम बसला नाही म्हणून सॉफ्टवेअर इंजिनिअर. मग किकिंग शिकला, वसंतातल्या यूएसएफएल लीगमध्ये खेळला आणि 2023 मध्ये वयाच्या 28 व्या वर्षी डॅलस काउबॉइजचा किकर झाला. पहिले 35 फील्ड गोल सलग आत. जेक बेट्सही सॉकरवालाच. काही काळ विटा विकायचं काम करत होता. 2024 मध्ये यूएफएल या वसंतातल्याच लीगमध्ये 64 यार्डांचा फील्ड गोल मारला आणि त्याच वर्षी डेट्रॉइट लायन्समध्ये गेला. नायिकेला अशीच वाट द्या. कॉलेज संपलं, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) नाव नाही, दिवसा नोकरी, संध्याकाळी शाळेच्या रिकाम्या मैदानावर भाड्याचा होल्डर. मग वसंतातली लीग. मग हंगामाच्या मध्यात कुणाचा तरी किकर दुखावतो आणि मंगळवारी सकाळी चार-पाच जणांना एकदम बोलावतात. प्रत्येकाला काही किका, बाजूला कोच स्टॉपवॉच घेऊन, टाळ्या नाहीत. निवड झाली तरी बहुधा सराव संघात.

तिची कमजोरी प्रामाणिकपणे ठेवा: किकऑफ. 2024 च्या नव्या नियमाने किकऑफ 35 यार्डांच्या रेषेवरून होते आणि चेंडू समोरच्या 20 यार्डांच्या रेषेच्या आत पडावा लागतो. म्हणजे निदान 45 यार्ड, तेही उंच. 45 यार्डांचा फील्ड गोल आणि हंगामभर उंच किकऑफ या वेगळ्या ताकदी आहेत. उपाय खरा आहे: किकऑफ पंटरकडे (हातातून सोडलेला चेंडू लांब मारणाऱ्या खेळाडूकडे) द्यायची, काही संघ तसं करतातच. पायात 50 यार्ड आहेत का, हा प्रश्न मला नाही पडत. 2019 मध्ये अमेरिकेची सॉकरपटू कार्ली लॉइड हिने एनएफएलच्या ईगल्स संघाच्या सरावात 55 यार्डांवरून चेंडू आत घातला होता. तेव्हा समोरून कुणी धावून येत नव्हतं, एवढाच फरक, आणि तो फरक म्हणजेच कथा.

किकर म्हणजे खरा खेळाडू नव्हे, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. पण दुसरी जागा हवीच असेल तर सेफ्टी (बचावातला सर्वांत मागचा खेळाडू) करा आणि खालच्या विभागातून सुरू करा. शेनंडोआ विद्यापीठाची हेली व्हॅन वूरिस 23 सप्टेंबर 2023 ला तिसऱ्या विभागात त्या जागी उतरली. एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या फुटबॉलमध्ये उतरलेली, किकर नसलेली ती पहिलीच बाई. आणि नायिकेच्या हातात चेंडू हवा, धावणं हवं, क्वार्टरबॅकच हवी, तर फ्लॅग फुटबॉल आहे. तिथे पाडापाडी नाही आणि किकही नाही. हा खेळ 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घ्यायचा निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्या मुंबईतच झाला, क्रिकेटबरोबर. मेक्सिकोची डायना फ्लोरेस बघा. 2022 च्या वर्ल्ड गेम्समध्ये तिच्या संघाने यजमान अमेरिकेला 39-6 ने हरवलं. ती क्वार्टरबॅक आहे आणि तिथे कुणाला काही पटवून द्यावं लागत नाही.

एक विनंती राहिली. पहिल्या सामन्यात नायिकेला किक मिळू देऊ नका. 28 नोव्हेंबर 2020 ला व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या सॉकर संघाची गोलकीपर सारा फुलर मिझुरीविरुद्ध उतरली. दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला तिने ठरवून खाली मारलेली, 30 यार्डांची किकऑफ केली आणि झालं. संघ 41-0 ने हरला, फील्ड गोलच्या टप्प्यात आलाच नाही. पुढे 12 डिसेंबरला टेनेसीविरुद्ध दोन एक्स्ट्रा पॉइंट मारले, दोन्ही आत. किकरचं आयुष्य त्या पहिल्या दिवसासारखंच असतं. नायिका कडेला उभ्या केलेल्या जाळीत किका मारत राहील, आपला संघ 40 यार्डांच्या रेषेपर्यंत आला की हेल्मेटची पट्टी आवळेल, पुन्हा मागे ढकलला गेला की सैल करेल. असं तीनदा-चारदा होऊ द्या.