कोई कार्पला कुरमुरे? त्या निरोपातल्या एकेका मुद्द्याबद्दल

गेल्या काही महिन्यांत एक निरोप माझ्याकडे चार वेगवेगळ्या ग्रुपमधून आला. त्याचं सार असं: 'अंगणातल्या तळ्यातल्या माशांसाठी पाकिटातलं खाद्य घेणं म्हणजे लूट. कुरमुरे, उरलेली पोळी, भात, नाहीतर कोंबडीचं खाद्य घाला. देवळाच्या डोहातले मासे कुरमुऱ्यांवरच पोसतात आणि मत्स्यशेतकरीही कोंडा-पेंडच घालतात. मासे वर येऊन तोंड उघडायला लागले की भूक लागली समजा. रंग यायला हळद घाला.'

पाकिटं महाग आहेत, हे मला मान्य आहे. बाकीच्या सल्ल्यानं मासे मरतात, म्हणून लिहायला बसलो.

आधी तोंड उघडण्याबद्दल बोलतो, कारण सगळ्यात लवकर नुकसान तिथंच होतं. मागच्या पावसाळ्यात ओळखीच्या एका काकांचा पहाटे सहाला फोन आला. "अरे, भुकेनं व्याकूळ झालेत मासे. दोन मुठी कुरमुरे घातले, तरी खाईनात." जाऊन बघितलं. सिमेंटचं टाकं, त्यात अकरा कोई, म्हणजे शोभेचे रंगीत कार्प मासे. सगळे नळाच्या बारीक धारेखाली गोळा झालेले, कल्ले भराभर हलत होते आणि तोंडं पाण्याबाहेर. कडेला फुगलेले कुरमुरे सायीसारखे चिकटले होते, बोट लावलं तर बुळबुळीत. ती भूक नव्हती, ते गुदमरत होते. रात्री शेवाळसुद्धा प्राणवायू वापरतं, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू उजाडण्याच्या सुमाराला सगळ्यात कमी असतो. त्यात आदल्या दिवशीचं खाद्य कुजत असेल तर ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायूही खातात. अशा वेळी आणखी खाद्य टाकणं म्हणजे त्यांचा गळा आवळणं. आम्ही चाळणीनं कुरमुरे काढले, बोअरचं पाणी पाइपानं उंचावरून फवारत सोडलं. नऊ मासे वाचले.

भुकेला मासा तुमची चाहूल लागताच झेपावतो, दाणा घेतो आणि खाली जातो. गुदमरणारा मासा वरच राहतो, दाण्याकडे बघतही नाही. एवढा फरक कळला तरी बरेच मासे वाचतील.

आता देवळाच्या डोहाचं. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे, पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळ वैतरणेवर तिळसे आहे. तिथल्या महसीर माशांना कोणी पकडत नाही आणि भाविक त्यांना कुरमुरे घालतात, हे खरंच आहे. पण ते मासे कुरमुऱ्यांवर जगत नाहीत. ते नदीतले आहेत. दगडावरचं शेवाळ, किडे, अळ्या, शंख-शिंपले, काठच्या झाडांवरून पडलेली फळं हे त्यांचं जेवण, आणि कुरमुरे म्हणजे वरचा खाऊ. उरलेलं वाहून न्यायला नदीही आहे. तुमच्या हजार-दोन हजार लिटरच्या टाक्यात टाकलेलं सगळं टाक्यातच राहतं.

मत्स्यशेतकऱ्याचंही तसंच. कटला, रोहू, मृगळच्या तळ्यात भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड निम्मी-निम्मी घालायची पद्धत जुनी आहे आणि योग्यही आहे. पण तो शेतकरी आधी शेण-खत घालून पाणी हिरवं करतो. त्या हिरव्या पाण्यातले सूक्ष्म जीव हे माशांचं मुख्य अन्न असतं, कोंडा-पेंड फक्त पूरक. आपण फिल्टर लावून तळ दिसेल इतकं पाणी नितळ ठेवतो, म्हणजे पूरक देऊन मुख्य जेवणच काढून घेतो. शिवाय दमट हवेत पेंडीला बुरशी धरते. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीनं मेले, तेव्हा अफ्लाटॉक्सिन हे विष माहीत झालं. कोकणातल्या पावसाळ्यात पेंडीचं पोतं उघडं ठेवणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

कोंबडीचं खाद्य तर नकोच. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम घातलेलं असतं आणि प्रथिनं 16 ते 18 टक्के. कोईला प्रथिनं तिशीच्या आसपास लागतात. वर ते भरड, पाण्यात पडलं की विरघळतं आणि निम्मं फिल्टरमध्ये जातं.

पोळी-भाताच्या एखाद्या घासानं मासा मरत नाही. कार्प जातीला पिष्ट पचतं. पण रोजचं जेवण म्हणून त्यात काही नाही. हळदीनं रंग येत नाही. लाल-केशरी रंगद्रव्य माशाला अन्नातूनच मिळावं लागतं, ते स्पिरुलिनात (खाद्यात घालतात ती निळी-हिरवी सूक्ष्म वनस्पती) असतं, शेवाळात असतं. थोडं ऊन आणि भिंतीवरचं शेवाळ खरवडून न काढणं, हे फुकटात होतं.

मग स्वस्त काय? कोई म्हणजे शेततळ्यात पाळतात त्या सायप्रिनसचीच (साध्या कार्प माशाची) रंगीत जात. त्यामुळे मत्स्यशेतीचं तरंगतं खाद्य त्यांना उत्तम चालतं. गोणीवर 28/4 किंवा 32/6 असे आकडे असतात: पहिला प्रथिनांचा, दुसरा स्निग्धांशाचा. मोठ्या माशांना 28/4, वाढत्या पिल्लांना 32/6, दाणा तोंडात मावेल असा, 2 किंवा 3 मिमीचा. तुलना नेहमी किलोच्या भावानं करा. 100 ग्रॅमचं पाकीट समजा 60 रुपयांना असेल, तर ते 600 रुपये किलो पडलं. हा हिशेब एकदा केला की गोणीकडे वळायला कोणी सांगावं लागत नाही.

मात्र अख्खी गोणी एकट्यानं घेऊ नका. पाव-पाव किलोचे दहा मासे असतील तर वजनाच्या एक टक्का धरून दिवसाला 25 ग्रॅम लागतात, म्हणजे महिन्याला पाऊण किलो. 20 किलोची गोणी दोन वर्षं पुरेल, पण त्यातलं क जीवनसत्त्व काही महिन्यांत उतरतं आणि तेल खवट होतं. पाच-सहा घरांनी मिळून घ्या, किंवा दुकानदाराकडून गोणीवरची तारीख बघून सुटं दोन किलो घ्या.

कोई आणि गोल्डफिशला जठर नसतं, अन्न थेट आतड्यात जातं. म्हणून एकदम पोटभर न देता दोन-तीनदा थोडं थोडं, पाच मिनिटांत संपेल इतकंच. जोडीला बादलीभर पाण्यात अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती) वाढवा, कृषी विज्ञान केंद्रात विचारलंत तर बियाणं मिळेल. उकडून सोललेला मटार आठवड्यातून एकदा. नाशिक-निफाडकडे थंडीत पाणी 10 अंशांपर्यंत उतरलं तर खाद्य पूर्ण बंद, तेव्हा खर्चच नाही.

खाद्याचा डबा घट्ट झाकणाचा, कोरडा, सावलीत ठेवा. उघडल्यावर आधी वास घ्या. ताज्या खाद्याला सुक्या जवळ्यासारखा वास येतो. जुन्या तेलाचा वास आला तर ते झाडांना घाला.