नवी पिकअप घेताय? मग ती चालवू नका

नवी पिकअप घेतल्याबद्दल अभिनंदन. पेढे वाटून झाले असतील, चाकाखाली लिंबं चिरडून झाली असतील, शोरूमवाल्यांनी पुठ्ठ्याची हातभर किल्ली तुमच्या हातात देऊन फोटोही काढला असेल. आता जरा माझं ऐका. मी तुमच्यापेक्षा दहा महिने आणि 68,400 रुपयांनी शहाणा आहे.

सगळ्यात आधी, गाडी जमिनीला टेकू देऊ नका. जमिनीवर माती असते, ती चासीला लागते, आणि चासीला माती लागली की वॉरंटी तीन वर्षांची असो नाहीतर तीस, तिचा कार्यक्रम तिथंच आटोपतो. याला शोरूमच्या भाषेत 'ऑफ-रोड वापर' म्हणतात.

आमची गाडी फोर-बाय-फोर, म्हणजे दांडा टाकला की चारही चाकं ओढतात ती. साधी घेतली असती तर दीड लाख वाचले असते. पण जुन्नर तालुक्यात टोमॅटो निघतो तो भर पावसात, आणि आमच्या रानापासून डांबरीपर्यंत पाऊण किलोमीटरची पाणंद आहे. आषाढात तिथं बैल गुडघ्यापर्यंत रुततो. सेल्समन पोरगा म्हणाला, "काका, ही गाडी कुठं अडायची नाय. चिखल असू द्या, चढ असू द्या. दांडा टाकायचा आन् निघायचं." टीव्हीवरच्या जाहिरातीत तर तीच गाडी नदीच्या पात्रातून पाणी उडवत येते, दगडांवरून चढते, वर डोंगराच्या टोकाला जाऊन उभी राहते, मागं ढोल वाजतात. मी आपला भोळा माणूस. मला वाटलं, जी डोंगरावर जाते ती आमच्या पाणंदीतून वीस किलोची साठ कॅरेट घेऊन सहज येईल.

म्हणून दुसरा सल्ला. जाहिरात बघताना टीव्हीच्या काचेला नाक लावून बसा. खाली मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत दोन ओळी येतात आणि शिंक यायच्या आत जातात. गाडी त्या दोन ओळींत विकलेली असते, वरचा डोंगर नुसता देखावा.

तिसरा सल्ला सुतळीचा. हा नीट वाचा, कारण माझं सगळं रामायण इथंच घडलं.

जुलैत दांडा टाकला की खालून कडकड आवाज यायला लागला. चौथ्या दिवशी अंगणात गाडीखाली तेलाचं थारोळं. गाडी 14,600 किलोमीटर चाललेली, सगळ्या सर्व्हिसिंग कंपनीतच केलेल्या, शिक्के आहेत. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर. मी निर्धास्त. सकाळी नऊला वर्कशॉपला पोचलो, साडेअकराला माझा नंबर लागला. गाडी रॅम्पवर चढली. सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणजे माझ्या पुतण्याच्या वयाचा मुलगा, पांढराशुभ्र शर्ट, हातात टॅब. तो खाली गेला, टॉर्च मारला, आणि एखाद्या पंचनाम्याला आलेल्या फौजदारासारखा एकदम थबकला. खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि प्रोपेलर शाफ्टवरून, म्हणजे मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या लांब दांड्यावरून, काहीतरी हळूहळू उकलायला लागला. वीतभर सुतळी निघाली. टोमॅटोची झाडं तारेला बांधतो ती आमची सुतळी. त्यानं ती दोन बोटांत धरून उजेडात बघितली, प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घातली, पिशवीवर स्केचपेननं गाडीचा नंबर लिहिला आणि मला विचारलं, "सर, ऑफ-रोडिंग केलंय का?"

मी म्हटलं, "बाळा, शेतात गेलो होतो."

त्यानं टॅबवर काहीतरी टिकमार्क केलं. झालं. तेवढ्या एका वाक्यात मी गुन्हा कबूल केला होता.

पुढं त्यानं चासीचे सतरा फोटो काढले. ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या डब्याच्या, खालच्या पत्र्यावर एक ओरखडा सापडला, त्याचे चार. तो पत्रा ओरखडा खायलाच लावलेला असतो, हे सांगायला मी तोंड उघडणार होतो, पण तेवढ्यात त्याला शेणाचा वाळका गोळा सापडला आणि त्याचा आनंद मला मोडवेना. आता ही सुतळी कुठं होती? शाफ्टच्या मागच्या तोंडाला, हौसिंगजवळ. तेल कुठून गळत होतं? पुढं, ट्रान्सफर केसच्या सीलमधून. मधे चांगलं चार फुटांचं अंतर. आवाज येत होता तो केसच्या आतल्या बेअरिंगचा. सीलबंद डब्यातलं बेअरिंग दहा महिन्यांत वाजायला लागतं आणि त्याला चार फूट लांबची सुतळी जबाबदार! ही सुतळी एवढी करामती असेल तर लष्करात भरती करा तिला, आमच्या टोमॅटोला कशाला बांधायची?

तर सल्ला असा: शेतात सुतळी वापरू नका. झाडांना सांगा, आपापली उभी राहा म्हणून.

वर्कशॉपला नेण्याआधी गाडी खालून धुवून घ्या. फार स्वच्छ धुवू नका, नाहीतर 'प्रेशरच्या पाण्यानं सील गेलं' म्हणतील.

जादा दिवे लावू नका. पाटा वाढवून घेऊ नका. ताडपत्रीला हूक वेल्डिंग करून घ्यायचा असेल तर आधी वकिलाला विचारा.

वॉरंटीचं पुस्तक वाचायचंच असेल तर मागून वाचा. पुढून वाचलं की काय काय मोफत मिळतं ते कळतं आणि माणूस उगाच खूश होतो. मागं क्लच प्लेट नाही, ब्रेक पॅड नाही, बुश नाही, वायपर नाही अशी यादी आहे, ते आपण समजू शकतो, झिजणाऱ्या वस्तू आहेत. पण त्याखाली 'अयोग्य वापर' असा एक शब्द आहे. हा शब्द म्हणजे गावच्या सार्वजनिक पिंपासारखा, त्यात कुणीही काहीही टाकावं. ऑफ-रोड म्हणजे काय, याची व्याख्या मी पहिल्या पानापासून मलपृष्ठापर्यंत शोधली. नाही. रस्ता म्हणजे काय? तेही नाही.

मग मीच शोधायला बसलो, कारण गाडी वर्कशॉपला आणि माल झाडावर, करायला दुसरं होतं काय. मोटार वाहन कायदा, 1988. त्याच्या कलम 2(34) मध्ये 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे जिथं लोकांना जायचा-यायचा हक्क आहे असा रस्ता, वाट किंवा इतर जागा. डांबर पाहिजे असं तिथं कुठं लिहिलेलं नाही. आमची पाणंद गावनकाशात आहे, दोन तुटक रेषांनी दाखवलेली. दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एक असती तर पायवाट. म्हणजे गाडी जायचा मार्ग म्हणूनच सरकारदफ्तरी तिची नोंद. याच पाणंदींसाठी राज्य सरकारनं 2021 मध्ये मातोश्रींच्या नावानं योजना काढली, त्या योजनेतून आमची पाणंद व्हायची आहे, म्हणजे 'होणार आहे' या अवस्थेत ती चांगली मुरली आहे. तहसीलदाराला जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता देता येतो. तलाठ्याला ती वाट दिसते, तहसीलदाराला दिसते. पासिंगच्या वेळी गाडीचा कर भरून घेताना कुणी विचारलं नव्हतं की तुमचा रस्ता कसला आहे. नकाशा, कायदा, कर, सगळ्यांच्या मते रस्ता. फक्त पांढऱ्या शर्टाच्या मते जंगल.

बरं, पाणंद सोडा. डांबरीवर तरी काय आहे? रस्त्याच्या नियमात गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी पाळण्यासारखी वर जाऊन खाली यावी. आमच्या वेशीवरचा गतिरोधक सरपंचांच्या मेव्हण्यानं उरलेल्या काँक्रीटमधून एका रात्रीत केलाय. त्याला रुंदी नाहीच, नुसती उंची आहे. त्यावर गाडी घासली तर ती ऑन-रोड घासली की ऑफ-रोड? गाड्यांचे कारखाने उभे आहेत त्या चाकणच्या चौकात पावसाळ्यात एकदा चक्कर मारा, कुठला खड्डा राष्ट्रीय महामार्गाचा आणि कुठला ग्रामपंचायतीचा ते ओळखून दाखवा. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं, त्या साली जन्मलेल्या पोराला मिसरूड फुटलं. गणपतीला कोकणात गेलेल्या कुठल्याही गाडीची चासी रॅम्पवर घ्या, सगळ्या चाकरमान्यांच्या वॉरंट्या एका दिवसात रद्द करता येतील. (कल्पना आवडली असेल तर कंपनीनं वापरावी, मी हक्क सोडतो.)

वर्कशॉपवाल्यांचा फोन आला की दहापैकी दहा द्या. नऊ दिले तर त्या पोराचा पगार कापतात म्हणे. मला त्याच संध्याकाळी फोन आला, गाडी रॅम्पवरच होती. "सर, आमच्या सेवेबद्दल किती समाधानी आहात?" मी म्हटलं, सुतळीएवढा.

घरी आल्यावर ही म्हणाली, "देव्हाऱ्यात ठेवा गाडी, वर्षाला एकदा पुजा." ऐंशी वर्षांच्या आबांनी वेगळाच प्रश्न काढला. "त्या टीव्हीवरच्या गाडीला माती लागत नाही का रे?"

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही आणि आता मला चेष्टाही सुचत नाही.

अहो कंपनीवाले, तुम्ही दीड लाख रुपये जास्तीचे कशाचे घेतले? फोर-बाय-फोरचेच ना? तो दांडा कुठं टाकायचा असतो? कोरड्या डांबरावर टाकला तर गाडी अडखळते, टायर खाते, आणि तुमच्याच पुस्तकात लिहिलंय की कोरड्या रस्त्यावर टाकू नका. म्हणजे डांबरावर टाकला तर चूक माझी, चिखलात टाकला तर चूक माझी. मग तो काय कोट अडकवायला दिलाय? चिखल दाखवून विकता आणि चिखल दिसला की हात वर करता. याला आमच्याकडं फसवणूक म्हणतात.

आणि नकार लेखी का देत नाही? तीन वेळा मागितला. पहिल्यांदा "मॅनेजर मीटिंगमध्ये आहेत", दुसऱ्यांदा "सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही सर", तिसऱ्यांदा त्यांनीच मला एक कागद पुढं केला. त्यावर मी स्वखर्चानं काम करून घ्यायला राजी असल्याचं छापलेलं. खाली सहीची जागा, फुली मारून ठेवलेली. आणि मी गाढव, मी सही केली. बाजारात माल न्यायचा होता, भाड्याच्या टेम्पोला रोजचे पैसे जात होते, समोर 68,400 चा आकडा आणि गेटपास अडवून धरलेला. आपण सगळे अशीच सही करतो. पेन त्यांचंच असतं. तुम्ही तरी करू नका. करावीच लागली तर तिच्यावर 'हरकत नोंदवून' एवढे दोन शब्द स्वतःच्या अक्षरात लिहा, मोबाइलवर फोटो काढा, काढलेला जुना पार्ट मागून घ्या आणि घरी आणून ठेवा. जॉब कार्डावर 'ऑफ-रोड' लिहिलं असेल तर कुठला भाग, कशामुळं, कुणी ठरवलं, ते तिथल्या तिथं लिहून मागा.

गावातले शहाणे म्हणाले, सोड, ग्राहक आयोगात पिकअप चालत नाही, ती धंद्याची गाडी. हेच कंपनीचा वकील म्हणणार आहे, म्हणून सांगतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नफ्याच्या व्यापारासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरं, पण स्वतः राबून पोट भरायला घेतलेली वस्तू या वगळण्यातून बाहेर ठेवलेली आहे, म्हणजे तिची तक्रार चालते. आधीच्या कायद्यातही हेच होतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच ते स्पष्ट केलंय. माझ्याकडं एकच गाडी, ती मी चालवतो आणि तिच्यात माझ्याच रानातला माल जातो. मी ग्राहक आहे. तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या दारात जावं लागत नाही. मुदत दोन वर्षं. दहा ते वीस लाखांच्या वस्तूला फी 400 रुपये, म्हणजे तुमच्या बिलातल्या 'वर्कशॉप किरकोळ साहित्य' या ओळीपेक्षा कमी. आणि त्या मुंगीएवढ्या ओळींबद्दल 2022 ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, खुलाशानं मूळ दाव्याच्या उलटं बोलायचं नाही, आणि दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत. मराठीत डोंगर दाखवायचा आणि इंग्रजीत काढून घ्यायचा, हे चालायचं नाही.

तीन महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. तो लागणार नाही, हे मलाही कळतं. तारखा पडतील, वकील येणार नाही, मी नारायणगाववरून एसटीनं पुण्याला खेटे घालीन. घालीन. पण त्या पोराला आणि त्याच्या मीटिंगमधल्या मॅनेजरला एक विनंती आहे. बिल तुम्ही दिलंत, पार्ट मी आणला, सतरा फोटो तुमच्या टॅबमध्ये आहेत.

ती सुतळी तेवढी परत द्या. पुरावा म्हणून जोडायची आहे, आणि ती माझी आहे.