चेन टाइट करायला चाळीस मिनिटं का लागली

नमस्कार सर,

आमच्या गॅरेजच्या ओपन हाउसच्या दिवशी मदत राइडची (नोंदणीची रक्कम मदतीला देणारी मोटारसायकल फेरी) शेवटची तुकडी आपल्याला न घेता निघाली, त्याबद्दल माफी मागतो. आपल्याला येऊन तसं सांगायलाही कुणी थांबलं नाही, ही चूक आमचीच.

पण "चेन टाइट करायचं दहा मिनिटांचं काम, चाळीस मिनिटं घोळत बसले" हे आपण लिहिलेलं वाक्य जिव्हारी लागलं. ते वाचून उद्या कुणी आमच्याकडे गाडी सोडेल का? म्हणून सविस्तर लिहितो.

नुसते अ‍ॅडजस्टर (चेन ताणायचे बोल्ट) फिरवायचे असते तर दहा मिनिटं पुरली असती. चेनची ढिलाई गाडी न्यूट्रलला टाकून, खालच्या बाजूला दोन स्प्रॉकेटच्या (चेन चालवणारी दातेरी चक्रं) मधोमध मोजतात. आपल्या स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकरवर २५ ते ३५ मिमी छापलंय. चाक थोडं थोडं फिरवत मोजलं तर एका जागी ३० आणि दुसरीकडे ५५ भरली. म्हणजे काही कड्या आखडलेल्या. अशी चेन ५५ च्या जागी मोजून ताणली की आखडलेल्या जागी ती तारेसारखी आवळते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. तशीच सोडली तर स्प्रॉकेटवरून उतरून मागचं चाक जाम करू शकते, तेही मागे गाड्या असताना.

म्हणून आधी रॉकेल आणि ब्रशने कड्या मोकळ्या केल्या, पुसून ल्यूब मारलं, पुन्हा मोजलं: ४६ ते ५५. मग एक्सल नट सैल करून दोन्ही अ‍ॅडजस्टर सारखे फिरवले, चाक सरळ आहे ना ते बघितलं आणि २५ ते ३४ वर आणून ठेवलं. नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळला, स्प्लिट पिन नवी घातली. एवढ्यावर भागत नाही. आपल्या मागच्या चाकाला ड्रम ब्रेक आहे. चाक मागे सरकलं की ब्रेकचा रॉड ताणला जातो, पेडलचा प्ले (मोकळी हालचाल) कमी होतो आणि लायनर घासत राहतो. तोही परत सेट केला. हे सगळं चालू असताना गॅरेजमधल्या आमच्या मुलावर आवाज चढवला गेला, असो.

फॉर्मवर राइडआधीच्या तपासणीची वेळ ७ ते ७:३० होती. आपण आल्याची वेळ तपासणी कार्डावर ७:३५ आहे. ८ ला निघायची तुकडी दहा मिनिटं थांबवली, गाडी हातात आली ८:१५ ला. "मागून गाठतो" म्हणालात, तेव्हा नाही म्हटलं. एकटा माणूस तुकडी गाठायला निघाला की अ‍ॅक्सिलरेटर आपोआप जास्त पिळला जातो, आणि सगळ्यांत मागे चालणारा आमचा स्वीप रायडर तर तुकडीबरोबर पुढे गेलेला असतो.

"मदत फक्त नावापुरती" हेही लिहिलंत. नोंदणीची सगळी रक्कम मदतीसाठी जमा केल्याची पावती काउंटरवर लावली आहे, कधीही बघा.

पुढच्या वेळी तपासणी आदल्या दिवशी ठेवता येते का ते बघतो, आणि उशीर होणाऱ्याला वेळेत सांगायलाही कुणीतरी असेल.

एक राहिलंच. मागच्या स्प्रॉकेटचे दात हुकासारखे वाकलेत, कार्डावर तसं लिहून दिलंय. चेन एकटी बदलू नका, दोन्ही स्प्रॉकेटसकट सेट बदला. आमच्याकडेच या असं नाही, पण लवकर बदला.